दूधभातावरची मनी

आमच्या घरात पाळायला म्हणून आलेले पहिले चार जीव मी त्यांच्या तब्येतीची काळजी घेऊन मारले.

ते मासे होते. बोटाएवढे, नारिंगी, शेपटी पदरासारखी हलवत फिरणारे. लेक तेव्हा सातवीत होती आणि तिला घरात काहीतरी जिवंत हवं होतं. काचेची टाकी ही त्यातल्या त्यात तडजोड. त्या दिवसांत मी रोज सकाळी तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पीत असे. त्याने पोट साफ राहतं आणि कांती उजळते असं मला कुणीतरी सांगितलं होतं. (पोटाचं खरं निघालं. कांतीची वाट बघतोय.) टाकीतलं पाणी बदलायची वेळ आली तेव्हा त्या चौघांना साधं नळाचं पाणी घालायचं माझ्या जिवावर आलं. आपण दिवसाला दोन पेले पितो तर इतका फरक पडतो, हे तर चोवीस तास त्यातच राहणार! मी हंडा काठोकाठ भरून ठेवला, सकाळी टाकीत ओतला, आणि सत्कृत्य केल्याच्या समाधानात कामावर गेलो.

संध्याकाळी चौघेही पोट वर करून तरंगत होते.

दुकानदाराकडे मी तक्रार घेऊनच गेलो होतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तांब्याच्या हंड्यातलं?" त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "साहेब, तांबं म्हणजे माशांना विष. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवा आणि मग घाला, असं मी सगळ्यांना सांगतो. तांब्याचं घालू नका असं सांगत नाही, कारण असं कुणी करेल असं वाटलं नव्हतं."

मी एका कारखान्यात क्वालिटी तपासतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. स्वतःच्या चुका शोधायचं काम घरात बायकोकडे आहे आणि ते ती बिनपगारी करते.

तिने चारही मासे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले, गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरले, हात धुतले आणि म्हणाली, "या घरात मासे आले, तेही असे."

मी हसलो. मला तो विनोद वाटला.

तो विनोद का वाटला, ते सांगितलं पाहिजे. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येत नाही. हा माझ्या आईचा नियम. आणि माझी बायको तळकोकणातली, समुद्राकाठच्या गावची. लग्न आमचं आम्हीच ठरवलं होतं. मोठ्यांची बैठक झाली ती नावापुरती. त्या बैठकीत आई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "आमच्याकडे तेवढं चालत नाही हं. बाकी आपली मुलगी तिला हवं तसं राहील." पुण्यात आवाज इतका गोड झाला की समजावं, विषय संपला. माझ्या होणाऱ्या बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

सव्वीस वर्षं झाली त्या 'बरं'ला. पुढे एकदा मी मोठ्या मनाने तिला सांगून टाकलं होतं, "अगं, हवं तर बाहेर खात जा की." ती म्हणाली, "एकटी हॉटेलात बसून कालवण खाऊ?" मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की प्रश्न मिटला असं समजायची मला सवय आहे. दर मे महिन्यात ती माहेरी जायची. तिची आई तिरफळं घालून बांगड्याचं कालवण करायची, त्याचं वर्णन मी ऐकलं होतं. तिरफळ म्हणजे मिऱ्यापेक्षा थोडं मोठं, जिभेला झिणझिण्या आणणारं फळ. एवढंच मला माहीत. पंधरा दिवसांनी ती स्वारगेटला उतरायची तेव्हा चेहऱ्यावर अशी टवटवी असायची की मी पिशवी घेता घेता म्हणायचो, "कोकणची हवाच वेगळी." आठ वर्षांपूर्वी तिची आई गेली, घराला कुलूप लागलं, आणि तो हवापालटही थांबला.

असो. आपण प्राण्यांबद्दल बोलत होतो.

माशांनंतर पक्षी आले. लव्हबर्ड्सची जोडी, पिंजऱ्यासकट, एका शेजाऱ्यांनी बदलीच्या गावी जाताना आम्हाला दिली. ते पक्षी दिवसभर गप्प असायचे आणि दुपारी बरोबर एकच्या सुमारास, आई आडवी झाली की, किलबिल सुरू करायचे. मी माझ्या परीने विचार केला. दुपारची झोप ही जगातली उत्तम गोष्ट आहे. ती यांना मिळत नसेल म्हणून हे ओरडत असतील. मी पिंजऱ्यावर सोलापुरी चादर घालू लागलो. दोन दिवसांनी लेकीने ती चादर ओढून काढली. "बाबा, त्यांना दिवसा अंधार का करतोयस? तुला झोप येते म्हणून?" पुढच्या रविवारी ते दोघे माझ्या ऑफिसातल्या एकांकडे गेले, त्यांच्या गच्चीवर खोलीएवढा पिंजरा होता. तिथे त्यांना सहा पिल्लं झाली असं कळलं. आमच्याकडे त्यांनी एकमेकांकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. चादरीमुळे दिसलं नसेल.

कुत्र्याचाही विषय निघाला होता. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आठवड्यातून दोन दिवस रजेवर, आणि कुत्र्याला दिवसातून दोनदा खाली न्यावं लागतं. "तुला न्यायला हवं दोनदा खाली," आई माझ्या पोटाकडे बघत म्हणाली. "पण तू कुत्र्याला कारण सांगून घरीच बसशील." ठराव नामंजूर.

मनी मात्र निवडून आणलेली नाही. ती आली. लेक तेव्हा वाघोलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. एका संध्याकाळी ती घरात शिरली ती पाठीवरची सॅक पोटाशी धरून. सॅक म्याव म्हणाली.

"बाबा, प्लीज. फक्त आजचा दिवस. हिची आई हायवेवर गाडीखाली गेली. ही एकटीच डिव्हायडरवर बसली होती."

"आजचा दिवस संपत आलाय," बायको म्हणाली, आणि बशीत दूध ओतायला आत गेली.

आईने चष्मा लावून सॅकमध्ये डोकावून पाहिलं. करड्या रंगाचा, मुठीएवढा ऐवज. "मांजर चालेल," ती म्हणाली. "मांजर स्वतःचं स्वतः बघतं. आमच्या लहानपणी दूधभातावर वाढायची घरोघर." लेकीने तिला इंग्रजी नाव ठेवलं होतं, आम्हाला ते उच्चारता येत नव्हतं, म्हणून आम्ही मनी म्हणू लागलो. मनी हे काही नाव नव्हे, तो हुद्दा आहे.

पुढे लेकीला नोकरी लागली आणि ती बंगळूरला गेली. मनी राहिली. आणि कुणाला वाटलं नव्हतं इतकी ती आईची झाली. सकाळी दहाला आईची पूजा आटोपते. ती खिडकीशेजारच्या खाटेवर बसून वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचते. त्या वेळी मनी कुठेही असो, टुणकन मांडीवर. आई एक हात तिच्या पाठीवर ठेवून कोण गेलं ते तिला वाचून दाखवायची. नात गेल्यापासून घरात आईचं सगळं ऐकून घेणारी ती एकटीच होती. आम्ही दोघं ऐकायचो, पण मध्ये बोलायचो.

मनीच्या संगोपनाचा कारभार मी स्वतःकडे घेतला. माशांचं पाप फेडायचं होतं. गॅलरीला जाळी बसवली, म्हणजे ती पडणार नाही आणि कबुतरं येणार नाहीत. आहाराचा तक्ता केला. सकाळी दूधभात, वर साजूक तुपाची धार. दुपारी दूधपोळी. संध्याकाळी पुन्हा भात. ती खायची, कधी अर्धं टाकायची. दीडेक वर्षानंतर ती जरा शांत झाली. धावाधाव कमी, बारीक झाली, अंगावरचे केस राठ झाले. मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचो, "आमची मनी अगदी सात्त्विक आहे. पालीकडेसुद्धा बघत नाही."

पालीकडे ती बघत नव्हती हे खरंच होतं.

एका सकाळी दहाला तिने आईच्या मांडीवर उडी मारली आणि ती खाट आणि स्टूल यांच्या मधे जाऊन पडली. मी हसलो. "नेम चुकला वाटतं!"

आई हसली नाही. ती बराच वेळ मनीकडे बघत राहिली. मनी उठली, स्टुलाच्या पायाला थडकली, थांबली, मग एक पंजा पुढे टाकून जमीन चाचपली.

"तिला दिसत नाहीये रे," आई म्हणाली.

"काहीतरीच काय. घरातल्या घरात फिरते की."

"मीही फिरत होते. मोतीबिंदू काढायच्या आधी जिन्यावर मी असाच पाय आधी टाकून बघायचे. तुला तेव्हाही कळलं नव्हतं. तुझ्या बायकोला कळलं."

खिडकीतून कडक ऊन येत होतं आणि त्या उन्हात मनीच्या डोळ्यांतली काळी वर्तुळं रात्रीसारखी मोठी होती. आईने वर्तमानपत्राची घडी करून बाजूला ठेवली.

भाजीच्या करंडीला वरून उपरणं बांधून मी मनीला रिक्षाने प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी होती. तिने बारीक दिवा लावून मनीचे डोळे पाहिले, छाती तपासली, वजन केलं. मग कागद पुढे ओढून विचारलं, "खायला काय देता?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. तक्ता तोंडपाठ होता. "सकाळी दूधभात, वर साजूक तूप. दुपारी दूधपोळी. चतुर्थीला घरात उपवास असतो, त्या दिवशी वरीचे तांदूळ दुधात कालवून. बाहेरचं काही नाही. बिस्किटसुद्धा नाही."

तिचं पेन थांबलं होतं. "आणि मांस, मासे, अंडं?"

"छे! आमची मनी शुद्ध शाकाहारी आहे."

"मनीला माहितीये हे?"

मी करंडीवरचं उपरणं सारखं करू लागलो.

"काका, मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं. ते मांसमच्छीत असतं. भातात नसतं, दुधात असून नसल्यासारखं. माणसाचं शरीर ते स्वतः करून घेतं, मांजराला ते जमत नाही. ते मिळालं नाही की डोळ्यांचा आतला पडदा खराब होत जातो. मग हृदय. हिचं हृदय अजून ठीक वाटतंय मला. डोळे मात्र बरेच गेलेत."

"पण पूर्वीपासून मांजरं दूधभातावरच..."

"पूर्वीच्या मांजरांना दूधभात हा तुमच्याकडचा चहा होता. जेवण ती बाहेर उंदरांवर उरकून यायची. तुमच्या गॅलरीला जाळी आहे?"

"आहे," मी म्हणालो. ती जाळी मी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती, एक कबुतराचं पीसही आत येणार नाही अशी.

"तुम्ही प्रेमाने केलंय, ते दिसतंय," ती मऊ आवाजात म्हणाली. मला वाटतं, रागावली असती तर बरं झालं असतं. "फक्त तुम्हाला जे आवडतं ते तिला दिलंत. आता ऐका. गेली तेवढी नजर परत यायची नाही. राहिलेली राखता येईल. पण आजपासून. उद्यापासून नाही."

तिने एक पावडर लिहून दिली आणि मांजरांचं तयार खाणं. म्हणाली, सवय नाही म्हणून ते ती हुंगून सोडून देईल. तसं झालं तर थोडा उकडलेला मासा कुस्करून त्यात मिसळा. मीठ नको, हळद नको, काटे नीट काढा. वासाने खायला लागेल.

रिक्षात करंडी मांडीवर घेऊन बसलो होतो. आतून मनी उपरण्याला पंजा लावत होती. मला ते चार मासे आठवले. तांब्याचं पाणी आणि साजूक तूप, दोन्ही मी माझ्याच पेल्यातून आणि ताटातून उचललेलं. मी क्वालिटीत आहे. एकच दोष दुसऱ्यांदा आला की आम्ही त्याला अपघात म्हणत नाही.

घरी आई दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं. मासा हा शब्द मी आवाज बारीक करून उच्चारला. तयार खाण्यातही तेच असतं हेही सांगितलं. आई खाटेवर जाऊन बसली. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

"माझे डोळे केले," आई शेवटी म्हणाली, "तेव्हा त्या डॉक्टरने आत काय घातलं, कशाचं घातलं, मी विचारलं?"

"नाही."

"मग तिचं मला का विचारतोस? डोळे जायला बसलेत तिचे आणि तू माझ्याकडे परवानगी मागतोस!" मग जरा थांबून तिने अटी घातल्या. "स्वयंपाकघरात नाही. गॅलरीत लहान शेगडी ठेवा. भांडं वेगळं. आणि कुठला मासा ते मला सांगू नका."

तयार खाणं मनीने हुंगलं आणि ती पाठ फिरवून बसली. तूप नव्हतं ना त्यावर.

"मासे आणावे लागणार," मी म्हणालो. "कुठले आणू? कसे ओळखायचे?"

"बांगडा," बायको म्हणाली. तिला आठवावं लागलं नाही. "दोन पुरे. डोळे बघायचे आधी. चकचकीत हवेत, आत गेलेले नकोत. कल्ला उघडून दाखवायला सांगा, लाल हवा. बोटाने दाबलं की मांस वर यायला हवं. आणि पोट फाटलेला घेऊ नका, कोळणी कितीही गोड बोलल्या तरी."

सव्वीस वर्षांत एका दमात ती एवढं कौतुकाने भेंडीबद्दलसुद्धा बोलली नव्हती.

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मी हेल्मेट घालून गेलो. गाडी लावल्यावरही काढलं नाही. उगाच कुणी ओळखीचं भेटायला नको. एका कोळीणबाईंपुढे उभा राहिलो आणि बांगड्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघू लागलो.

"हेल्मेट काढा की काका," त्या म्हणाल्या. "मेलेत ते. अंगावर नाही येत."

"मांजरासाठी हवेत," मी घाईने सांगितलं.

"सगळे तेच सांगतात."

शेजारच्या फळीवर आणखी एक हेल्मेटवाले गृहस्थ सुरमई कापून घेत होते. त्यांनी मान वळवली. काचेतून आमची नजरानजर झाली. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. जिन्यात कुणाकडून कांदा-लसणाचा वास आला तरी नोटीस लावणारे.

"पाऊस येईलसं दिसतंय," ते म्हणाले.

"हो, ढग आहेत," मी म्हणालो.

"मांजरासाठी," ते म्हणाले.

"मीही," मी म्हणालो.

त्यांच्या घरी मांजर नाही. पण ते विचारणं मला बरं वाटलं नाही. त्या दिवसापासून आमच्यात जो जिव्हाळा निर्माण झालाय तो वीस वर्षं सर्वसाधारण सभेत एकत्र बसून झाला नव्हता.

घरी आलो तर गॅलरीत शेगडी मांडलेली आणि तिच्यावर एक मातीचं भांडं. काळंभोर, रुंद तोंडाचं. मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"हे कुठून आलं?"

"माळ्यावरून."

"आपल्या माळ्यावर हे होतं?"

"लग्नात आईने दिलं होतं. जुन्या साडीत बांधून ठेवलं होतं मी." तिने पिशवी माझ्या हातातून घेतली, एक बांगडा उचलून उजेडात धरला. "डोळे बघून आणलेत," ती म्हणाली. तिच्या तोंडून मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रकांमध्ये हे मी वरच्या तिनांत धरतो.

मग मी जे पाहिलं ते माझ्या घरात कधी पाहिलं नव्हतं. तिने पाट टाकला, विळी पायाखाली धरली, आणि तिचे हात आपसूक चालू लागले. कल्ले, पोट, शेपूट. तीन ठिकाणी हात गेला आणि मासा साफ. ती मासे बघतही नव्हती, जाळीतून समोरच्या इमारतीच्या पलीकडे कुठेतरी बघत होती. भांड्यात पाणी उकळायला लागलं. वास सुटला.

आतून मनी आली. भिंतीला अंग घासत, पंजा पुढे टाकून चाचपत, उंबऱ्यावर अडखळत. आणि मग तिला चाचपावं लागलं नाही. नाक वर करून ती सरळ रेषेत चालत आली, बायकोच्या मांडीला टेकली आणि ओरडली. दोन वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. तो आवाज मागण्याचा होता. आमच्याकडे तिने आजवर कधी काही मागितलं नव्हतं. आम्ही देत होतो आणि ती आमच्यासाठी खात होती.

बशी तिने इतकी चाटली की ती सरकत सरकत माझ्या पायापर्यंत आली. मी तोंड फिरवून जाळीकडे बघितलं. बायको म्हणाली, "धूर लागला का?" मी हो म्हणालो. शेगडी गॅसची होती.

याला आता चार महिने झाले. मनीचं वजन वाढलं, केस मऊ झाले. डॉक्टरीणबाईंनी परवा पुन्हा दिवा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, होतं तिथेच थांबलंय, हृदय उत्तम. फोनवर हे सांगितलं तेव्हा बंगळूरला लेक रडली आणि मग म्हणाली, "बाबा, तू आता गोल्डफिश परत नको आणूस हं." सकाळी दहाला आई खाटेवर बसून मांडीवर दोन थापा मारते. मनी त्या आवाजावर उडी मारते आणि बरोबर मांडीवर येते. नेम चुकत नाही. आई पेपर उघडून कोण गेलं ते तिला वाचून दाखवते.

मला कुणाकुणाचे आभार मानावेत असं वाटतं. त्या डॉक्टर मुलीचे, जी माझ्यावर रागावली नाही. कोळीणबाईंचे, ज्या आता मी दिसलो की "मांजरवाले आले" म्हणतात आणि स्वतःच कल्ला उघडून दाखवतात. कुंडीतल्या चार माशांचे. तो मोगरा दरवर्षी बेसुमार फुलतो. पण सगळ्यात जास्त त्या करड्या जिवाचे, जिने निम्मे डोळे घालवून मला थोडं दिसायला लावलं.

थोडंच. कारण पुढचंही मला दिसलं नाही, आईला दिसलं.

गेल्या शनिवारी बायको गॅलरीत बांगड्याचे काटे काढत बसली होती. आईने खाटेवरून मला खूण करून जवळ बोलावलं.

"बांगड्याला काटे किती असतात रे?"

"मला काय माहीत."

"मलाही नाही. पण अर्धा तास लागावा इतके नसावेत."

मी गॅलरीकडे पाहिलं. बायको मासा केव्हाच कुस्करून बसली होती. बशी भरलेली होती, मनी पायाशी वाट बघत होती. ती तरीही बोटांनी ते मांस हलके हलके चाळत होती, मान खाली घालून, वाफ तोंडावर घेत.

"मी दुपारी एक ते चार झोपते," आई म्हणाली.

"माहितीये."

"त्या वेळात मला कसलाही वास येत नाही. एवढं तिला सांग."

मला समजायला जरा वेळ लागला. "तूच सांग की, आई."

"मी कशी सांगणार? मी झोपलेली असते." आणि तिने खरोखरच भिंतीकडे तोंड केलं. मग भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "ती 'बरं' म्हणाली होती तेव्हा मी ऐकलं होतं. तिचं तोंड नव्हतं बघितलं."

मी गॅलरीत गेलो. वाक्य जुळवून गेलो होतो. ऑफिसात अहवाल देताना जुळवतो तसं. ते उंबऱ्यावरच विसरलो.

"आई म्हणते, एक ते चार तिला वास येत नाही."

"कसला?"

"कसलाही."

तिची बोटं थांबली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, जे मला आता सहज जमत नाही. "मी विचारायचं राहून गेलं," मी म्हणालो. "बरीच वर्षं. म्हणजे तुला काय... मी नुसतं धरूनच चाललो होतो..."

"हं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, गेलेल्या आणि राहिलेल्या नजरेचं. ते मी गिळलं. तिने बशी मनीपुढे सरकवली. मनीने खायला सुरुवात केली. बायकोने ते मातीचं भांडं विसळलं, पालथं घातलं, मग काही विचार करून पुन्हा उलटून सरळ ठेवलं. हात पुसत आत जाता जाता दारात थांबली.

"अहो," ती म्हणाली, "उद्या दोनाऐवजी चार बांगडे आणा. आणि तिरफळं कुठे मिळतात का तेही बघा. ती मांजराला नकोत."